चुन्याचा बाण

इंजिनाचा कातडी पट्टा हातात द्यायचा नाही, दगडावर ठेवायचा. ठेवून सात पावलं मागं सरायचं. मग मिलचे कोठीवाले तात्या तांब्या घेऊन पायरी उतरणार, पट्ट्यावर पाणी शिंपडणार, आणि त्यानंतर हमाल तो उचलून आत नेणार. इंजिनखात्याच्या दारापुढं तो काळा दगड पुरलेला होता. आमच्यासाठीच.

त्या दिवशी खंडेनवमी होती. तात्यांनी पाणी शिंपडलं नाही, ओतलं. एक तांब्या, दुसरा तांब्या, तिसऱ्यात गोमूत्र. "आज इंजिनाची पूजा. आज जरा नीटच शुद्ध करायला पाहिजे," म्हणाले. मग काठीला बांधलेल्या फडक्यानं पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढला. मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, सात पावलं मागं उभे. सांध्यापाशी आप्पांनी चुन्यानं काढलेला बाण माझ्या डोळ्यांदेखत पुसला गेला.

"तात्या, बाण पुसला," मी म्हणालो.

"कसला बाण?"

"पट्टा कुठल्या अंगानं फिरवायचा त्याची खूण हाय ती. उलटा बसला तर सांधा उचकटंल. मला आत येऊ द्या. चाकावर चढवून देतो नि लगेच जातो."

तात्यांनी काठी खाली ठेवली. "तू आत आलास म्हणजे मग काय, इंजिनसुद्धा धुवायचं का रे आम्ही?"

हमाल हसले. वर पायरीवर मिलचे शेठ उभे होते, कोऱ्या धोतरात, कपाळाला कुंकू लावून. ते हसले नाहीत. हसण्याइतकंसुद्धा त्यांना माझ्याकडं बघायचं नव्हतं. "मुहूर्त टळतोय," एवढं म्हणून ते आत वळले.

आप्पांनी मागनं माझ्या सदऱ्याची कड ओढली. "गप."

मी तेव्हा बावीस वर्षांचा घोडा होतो. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेला. आणि मी गप बसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की हा मोठा शूर, म्हणून असेंब्लीत गेला. मी गप बसलो आणि आप्पांच्या मागनं घरी आलो.

आम्ही ढोर. जनावराचं कातडं चुन्यात घालायचं, केस काढायचे, बाभळीच्या सालीत महिना महिना मुरवायचं, आणि लोकांना लागेल ते बनवून द्यायचं. मैंदर्गीपासून करमाळ्यापर्यंत विहिरींवर पाणी काढायच्या कातडी मोटा आमच्या. आमच्या मोटेतनं आलेलं पाणी रानाला चालायचं, माणसांना चालायचं, देवाच्या आंघोळीला चालायचं. आम्ही त्या विहिरीची पायरी उतरलो की विहीर बाटायची. हे कुणाच्या डोक्यात कसं बसत असेल, मला आजही कळत नाही.

चौदा सालच्या जर्मन लढाईत विलायतेची जहाजं अडली आणि मिलचे विलायती पट्टे यायचे बंद झाले. तेव्हा शेठला आप्पांची आठवण झाली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हा हरी असा, की पाय धरतानाही गाढवाला शिवला नाही. निरोप हमालाकडनं आला, नमुन्याचा तुकडा दगडावर ठेवलेला मिळाला. आप्पांनी तो तुकडा उलटापालटा केला, अंगठ्यानं दाबला, वास घेतला, आणि दोन महिन्यांनी तसाच पट्टा करून दिला. लढाई संपली, जहाजं आली, तरी शेठनं आप्पांना सोडलं नाही. आप्पांचा पट्टा जास्त टिकायचा.

आता सांध्याचं सांगतो, कारण सगळं त्या सांध्यावर आहे. एवढा लांब पट्टा एका कातड्याचा होत नाही. कातडी जोडावी लागतात. घरावर कौलं जशी एकावर एक सरकवतात, तसा हा सांधा. एका बाजूनं हात फिरवला तर हात घसरून जातो. उलट फिरवला की कडेत नख अडकतं. चाकावर पट्टा सुलट चढवला तर चाक सांधा दाबत जातं. उलटा चढवला तर प्रत्येक फेऱ्याला चाक त्या कडेत नख घालतं. म्हणून बाण. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण ते त्या दाराच्या आत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते दाराच्या बाहेर होते.

चौथ्या दिवशी दुपारी भलत्याच वेळी भोंगा झाला. आमच्या गल्लीतली माणसं कामं टाकून उभी राहिली. आप्पा चुन्याच्या कुंडाच्या कडेला बसले होते. ते उठले नाहीत. "सांधा गेला," म्हणाले.

सांधा गेला होता, पट्टा सुटून चाबकासारखा फिरला होता, आणि खाली तेल घालणाऱ्या यल्लप्पाचा उजवा हात कोपरापासून घेऊन गेला होता. यल्लप्पा तेलुगू विणकराच्या घरातला. घरचा माग मोडला म्हणून मिलमध्ये तेलवाला झालेला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मिलमध्ये मला नावानं हाक मारणारा तो एकटाच होता. बाकीच्यांना मी "ए ढोरा".

दुसऱ्या दिवशी आम्हा बापलेकांना शेठच्या बंगल्यावर बोलावणं आलं. बंगल्याच्या आवारात आम्हाला अंगणापर्यंत मुभा होती. शेठ ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. सगळ्यात खालच्या पायरीवर एक कोरा कागद, त्यावर एक दगड, आणि बाजूला दौत-लेखणी.

"सरकारचा इन्स्पेक्टर येणार आहे," शेठ म्हणाले. "कातडं कच्चं होतं, नीट कमावलेलं नव्हतं, असं लिहून द्या. बापाचा अंगठा, लिहिणाऱ्याची सही. पुढचं काम तुम्हालाच."

"कातडं कच्चं नव्हतं," मी म्हणालो. "बाण पुसला म्हणून पट्टा उलटा बसला."

"पाण्यानं हात तुटतो होय रे?" शेठ म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांना आवाज चढवावाच लागत नसे. "दुसऱ्या मिलवाल्यांना मी काय सांगायचं, ते तू ठरव."

मी आप्पांकडं बघितलं. चाळीस वर्षं ज्या माणसानं एक कच्चं कातडं कुणाला दिलं नाही, तो माणूस मान खाली घालून उभा होता. त्यांच्या कमाईवर गल्लीतली सात घरं चालत होती.

"लिव बाबा," आप्पा म्हणाले. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला."

मी पायरीपाशी उकिडवा बसलो आणि लिहिलं. चार बुकं शिकलो ती याच्यासाठी. कातडं कच्चं होतं. आमची चूक झाली. खाली आप्पांचा अंगठा, त्याखाली माझी सही, अक्षर अगदी मोत्यासारखं. कागद पायरीवर ठेवला, वर दगड ठेवला, आणि सात पावलं मागं सरलो. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप सरले. त्या सात पावलांची मला जेवढी शरम वाटते तेवढी त्या सहीचीसुद्धा वाटत नाही.

यल्लप्पाला मिलनं सांगितलं, ढोरांनी कच्चं कातडं देऊन तुझा घात केला, दाद मागायची तर त्यांच्याकडं माग. आणि कामावरनं काढून टाकलं. तो आमच्याकडं काही मागायला आला नाही. रस्त्यात आप्पा दिसले की थुंकायचा. तोंडानं शिव्या द्यायचा. आप्पा ऐकून घ्यायचे. घरी येऊन सांगायचे, "आज बी भेटला." बस.

त्या दिवसापासनं आप्पा बाण चुन्यानं काढेनासे झाले. सळई तापवून डागायला लागले. पाण्यानं जात नाही असा बाण. डागलं की कातडं तेवढ्या जागी कमजोर होतं, म्हणून पूर्वी करत नव्हते. आता डागायचे, आणि त्या जागी आतनं जास्तीचा तुकडा लावायचे. दुप्पट काम. मी म्हणायचो, "कशापायी?" ते सळई परत जाळात घालायचे.

शेठनं शब्द पाळला, हेही सांगायला हवं. काम आम्हालाच मिळालं. एका मिलचं दुसऱ्या मिलला कळलं. मागावर धोटा पलीकडं फेकणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या, मागाला लागणाऱ्या वाद्या, सगळं आमच्याकडनं जायला लागलं. मी स्टेशनच्या रस्त्याला दुकान टाकलं. पाटी लावली. घोड्याचा टांगा ठेवला. गल्लीतली पन्नास माणसं माझ्याकडं कामाला. लोक म्हणायचे, पोरगं हुशार निघालं. मला ठाऊक होतं माझ्या दुकानाच्या पायात काय पुरलंय. एक हात पुरलाय, कोपरापासनं.

आणि एवढं सगळं होऊन पट्टा दगडावरच ठेवायचा. टांग्यातनं उतरायचं, इस्त्रीचा कोट सावरायचा, आणि दगडावर ठेवायचा. तात्या म्हातारे झाले, पण तांब्या घेऊन उतरायचेच. कोटाकडं बघून एकदा म्हणाले, "झोकात आहेस की रे." शिंपडताना माझ्या बुटावर थेंब उडाले, तर तांब्या धुवायला परत गेले.

मग दहा-बारा वर्षांनी राखीव जागांचं वारं आलं. मुंबईच्या असेंब्लीत आमच्यापैकी माणूस जाणार, पण त्याला मत सगळ्यांनी द्यायचं. म्हणजे ज्यांच्याकडं जमीन, घर, शिक्षण, त्यांनीच जास्त. आमच्यात मत असलेली माणसं किती, बोटावर मोजा. म्हणजे माणूस आमचा, पण तो कोणता ते ठरवणार शेठसारखे. शेठ स्वतः जुन्या कौन्सिलात बसून आलेले. त्यांनी मला बोलावलं.

तोच बंगला. मी अंगणात. या वेळी खुर्ची दिली होती, अंगणातच, ओसरीपासून लांब. टांगेवाल्यासाठी ठेवतात तसली.

"तू शहाणा आहेस," शेठ म्हणाले. "धंदा केलेला आहेस. आम्हाला असाच माणूस पाहिजे. आमचे लोक तुला मत देतील. तिथं आम्ही सांगू तेव्हा हात वर करायचा, एरवी गप बसायचं. गप बसणं तुला जमतं."

मग त्यांच्या कारकुनानं येऊन सगळ्यात खालच्या पायरीवर एक कागद ठेवला. वर दगड ठेवला. मी उठून वाचलं. माझ्या जागेचा माझाच राजीनामा होता. टाईप केलेला. तारखेची जागा तेवढी कोरी.

"अजून निवडून तर येऊ द्या की," मी म्हणालो.

"सगळेच देतात असा. विश्वासाची गोष्ट आहे. तू नीट वागलास तर तो तिजोरीतच राहील."

शेठनं झोपाळा थांबवला.

"तिजोरीत तुझा आणखी एक कागद आहे," म्हणाले. "तुझ्या हातचा. कच्चं कातडं देऊन माणसाचा हात तोडल्याचा. लोकांना दाखवायची मला इच्छा नाही. सही कर आणि तिथंच ठेव."

खोटं सांगत नाही, मी लेखणी उचलली होती. शाईत बुडवलीही होती. टाकाच्या टोकावर थेंब जमला आणि कागदाच्या कडेला पडला. तेवढ्यात माझं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. उजवा पाय मागं सरला होता. सही व्हायच्या आधीच. डोक्याला कळायच्या आधी पायांना कळलं होतं आता काय करायचं ते. मला माझीच किळस आली. मागोमाग संताप आला.

पाय पुढं आणला. लेखणी दौतीत ठेवली. कागद उचलला, दगड बाजूला टाकला, आणि ओसरीच्या दोन पायऱ्या चढलो. कारकून "ए, ए" करत राहिला. मी शेठपुढं कागद धरला. हातात.

"घ्या," म्हणालो. "हातातनं घ्या. मग बघू."

शेठनं हात पुढं केला नाही. झोपाळ्यात मागं सरकले. एवढा मोठा माणूस, तीन मिलचा भागीदार, माझ्या हातातल्या कागदाला भिऊन मागं सरला. मी मनात पावलं मोजली. जागा असती तर सात पावलं सरला असता.

"तुझा धंदा मी बसवला," ते म्हणाले. "उठवूही शकतो."

"उठवा," मी म्हणालो, आणि कागद कोटाच्या खिशात घालून निघालो.

टांग्यात बसल्यावर सगळा आव ओसरला. आता तो जुना कागद बाहेर निघणार. पन्नास माणसांचं काम जाणार. आणि बाहेर काय निघणार, तर माझ्याच अक्षरातलं माझंच खोटं. हत्ती गेला होता पण शेपूट अडकलं होतं, आणि त्या शेपटाला शेठनं धरलं होतं. सुटायचं असेल तर एकच वाट होती. टांगा घरी न नेता विणकरांच्या वस्तीकडं नेला.

यल्लप्पा दाराबाहेर बसला होता. बायको विड्या वळत होती, तो डाव्या हातानं आणि दातानं दोरा धरून कट्टे बांधत होता. मला बघून दोरा दातातच राहिला.

मी उभ्यानंच सांगितलं. बाणाचं सांगितलं, तांब्याचं सांगितलं, काठीच्या फडक्याचं सांगितलं. कागदाचं सांगितलं. "कातडं कच्चं नव्हतं, यल्लप्पा. मी खोटं लिहिलं."

त्यानं दातातला दोरा सोडला. बायकोचे हात थांबले होते.

"म्हंजे धा-बारा वरसं मी तुज्या बापाला शिव्या दिल्या," तो म्हणाला, "ते फुकटच की."

"व्हय."

"म्हातारा कधी बोलला न्हाय."

"न्हाय."

"आता त्या शिव्या कुणाला देऊ?"

"मला दे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होतो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं दिली नाही. "हितं गल्लीत येऊन सांगतुयास," तो म्हणाला. "माझ्या बायकोपुढं. परवा तुजी सभा हाय म्हनं बाळीवेशीला. तितं सांग. मी पुढं बसतो."

"तू माफ..."

"ते इचारू नकोस," तो म्हणाला, आणि दोरा परत दातात धरला.

सभेला मी तासभर आधी गेलो. आप्पांना सांगितलं होतं, काय बोलणार ते. ते म्हणाले, "माझा अंगठा बी सांग. एकटा नगं घेऊ अंगावर." सभा भरली तेव्हा माझ्यापासून पंचवीस-तीस पावलांवर मिलचे जॉबर म्हणजे मुकादम, कारकून, व्यापारी. पलीकडं आमची गल्ली. मध्ये, पुढच्याच ओळीत, यल्लप्पा, रिकामी बाही गाठ मारून.

मी भाषण पाठ केलं होतं, ते विसरलो. आहे तसं सांगितलं. बाणापासनं कागदापर्यंत. राजीनाम्याचा कागद खिशातनं काढून दाखवला. म्हणालो, "उद्या तुमाला माझ्या सहीचा कागद दाखवतील. ती सही माझीच हाय. त्यातलं अक्षर न् अक्षर खोटं हाय. मी भिऊन लिहिलं. भित्रा माणूस नको असेल तर मत देऊ नका. पण एक विचार करा. ज्याला पट्ट्याचं कळतं त्याला दाराबाहेर उभं केलं, म्हणून या माणसाचा हात गेला. मिल आमाला शिवली असती तर हात वाचला असता."

टाळ्या पडल्या नाहीत. मागनं कुणीतरी ओरडलं, "खोटारडा." काही व्यापारी उठून गेले. मी खाली उतरलो तेव्हा यल्लप्पा उभा राहिला. मला वाटलं काही बोलेल.

"मत देनार न्हाय तुला," तो म्हणाला. "मला मतच कुटं हाय."

शेठनं दुसरा माणूस उभा केला. दोन मिलनी माझ्याकडचं काम काढून घेतलं. वीस-बावीस माणसांना मी कामावर ठेवू शकलो नाही. त्यांच्या बायका माझ्या दारात येऊन बसल्या, ते ऐकून घेतलं. आणि तरी मी निवडून आलो. अगदी थोडक्यात आलो. अक्कलकोटच्या बाजूची, दक्षिणेकडची खेडी माझ्यामागं उभी राहिली. मोटा वापरणारी माणसं. त्यांना कातडं कच्चं की पक्कं, ते कळत होतं.

मुंबईच्या सभागृहात पहिल्या दिवशी शिपायानं माझ्या हातात कागद दिला. हातात. बोटाला बोट लागलं. त्याला काहीच वाटलं नाही, तो पुढच्या बाकाकडं गेला. मी त्याच्या पाठीकडं बघतच राहिलो. नंतर कारखान्यांतल्या अपघातांवर बोलायची पाळी आली, तेव्हा मी चुन्याच्या बाणाचं सांगितलं. काही जण ऐकत होते. काही पेंगत होते. एक जण बाहेर भेटून म्हणाला, "तुमची गोष्ट फार हृदयद्रावक आहे हो." गोष्ट.

आता शेवटचं सांगतो. ते परवाचंच आहे.

शेठच्या मिलचा मोठा पट्टा गेला. मुंबईहून नवा यायला आठ दिवस. साचे-माग बंद, हजारो माणसं दारात बसलेली. तेवढ्या रुंदीचा पट्टा अख्ख्या सोलापुरात एकाकडंच होता, माझ्याकडं. आप्पांनी नव्या कारागिरांना शिकवता शिकवता केलेला. तात्या स्वतः दुकानात आले. आत नाही, दुकानाच्या पायरीपर्यंत. "मेंबरसाहेब," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

मी पट्टा टांग्यात घातला आणि आप्पांना बरोबर घेतलं. त्यांना आता नीट दिसत नाही. पण बोटांना दिसतं.

इंजिनखात्याच्या दारापुढं टांगा थांबला. दगड तिथंच. दारात शेठ उभे, शेजारी गोरा इंजिनिअर, मागं जॉबर. मी पट्ट्याचं वेटोळं खांद्यावर घेतलं. आप्पांचा हात धरून चालायला लागलो. दगडापाशी आल्यावर आप्पा थांबले आणि वाकले. हात माझ्या खांद्यावरच्या वेटोळ्याकडं गेले, खाली उतरवून ठेवायला. मी त्यांचं कोपर धरलं.

"न्हाय आप्पा."

"या मेंबरसाहेब, आत या की," शेठ म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं. माझ्यासाठी जन्मात पहिल्यांदा. "तुमच्या हातानंच चढवा. तुम्ही आता सरकारातले. तुम्हाला कोण अडवतंय."

"ह्यांनी पट्टा केलाय," मी म्हणालो. "चाकावर बी हेच चढवतील. मी मागनं येतो."

शेठनं तात्यांकडं बघितलं. तात्यांच्या हातात तांब्या होता. मी आणि आप्पा, आम्ही दोघं त्या तांब्याला किती वर्षं ओळखतो.

"वयस्कर माणूस आहे," तात्या म्हणाले. "उगाच आत दमेल. बसू दे की इथं सावलीला. आणि बाण तर डागलेलाच असतो तुमचा. आमची माणसं लावतील बरोबर. ठेवा तुम्ही तिथं."

"बाणासाठी न्हाय म्हणत मी, तात्या."

"मग कशासाठी?"

इतक्या वर्षांपूर्वी विचारायला पाहिजे होता तो प्रश्न ते मला आता विचारत होते. रस्त्यापलीकडं बिनकामाची माणसं उभी राहून बघत होती. त्यांच्यात बाहीला गाठ मारलेला एक सदरा मला दिसला. काल भाकरी न मिळालेली माणसंही त्यांच्यात होती, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एक जण ओरडला, "द्या की सायेब, पोटाचा परश्न हाय." ते माझ्या काळजात गेलं. अजून गेलेलं आहे. पोटाचाच प्रश्न म्हणून आप्पांनी अंगठा दिला होता. पोटाचाच प्रश्न म्हणून मी सही केली होती. पोट पुढं करून त्यांनी आजवर आमच्याकडनं सगळं दगडावर ठेवून घेतलं.

"पाय दुखत्यात रं," आप्पा म्हणाले.

चाचपत चाचपत ते पुढं झाले, आणि त्या दगडावर बसले. आप्पा, वीस-पंचवीस वर्षं ज्यावर माल ठेवून मागं सरले, त्याच दगडावर बसले. पाय पसरले. पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. तात्यांचा तांब्या अर्ध्यावर थांबला. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर ओतायचं कसं, ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"किती वेळ?" शेठनं विचारलं. हसू गेलं होतं.

"तुमी सांगा," मी म्हणालो.

पट्टा जड असतो. त्याचं वेटोळं खांद्यात रुततं. उन्हं कलली तरी मी तो उतरवला नाही, आणि त्या दिवशी मिल चालली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. उद्या परत जाणार आहे. मला एकट्याला त्या दारातनं आत जायचं नाही. ती सवलत मला नको, ती त्यांनी माझ्या असेंब्लीला दिलीय, माझ्या बापाला नाही. आप्पा त्या चाकापर्यंत स्वतःच्या पायानं जातील, डागलेल्या बाणावर बोट ठेवून पट्टा चढवतील, आणि त्यांच्या हातातनं तो हातात घेतला जाईल. तोवर पट्टा माझ्या खांद्यावर राहील. दगडावर ठेवणार नाही.